किनाऱ्यावरच्या गावाचा ऑनलाइन नकाशा लोकांना सोबत घेऊन कसा करावा : संशोधक विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एप्रिल महिन्यात उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रात कोकण किनाऱ्यावरचे कोणतेही गाव पाहिले, तर घरांची छपरे, नारळी-पोफळीच्या बागा, डांबरी रस्ता आणि जेटी चटकन ओळखू येतात. गावाच्या वरच्या अंगाचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, मात्र नुसता तपकिरी दिसतो, खाडीकडचे खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, चिखलाच्या डागासारखे दिसते आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, एका पांढऱ्या पट्टीसारखी दिसते. हाच सडा श्रावणात गवताने आणि रानफुलांनी भरून जातो, तेथे गुरे चरतात, कातळातल्या डबक्यांत पाणी साठते; रत्नागिरी-राजापूरकडच्या अनेक सड्यांवर तर कातळशिल्पे आहेत, आणि ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली आहेत. खाजणात बायका कालवे आणि खेकडे काढतात, पुळणीवर होड्या ओढून ठेवल्या जातात, जाळ्यांची दुरुस्ती होते आणि मासळी सुकते. पावसाळ्यात ढगांमुळे स्वच्छ छायाचित्र मिळणे कठीण असते, त्यामुळे आपल्याला संकेतस्थळांवर दिसणारी बहुतेक चित्रे कोरड्या महिन्यांतली असतात, आणि निम्मे वर्ष चालणारा गावाचा व्यवहार त्यांत मुळी येतच नाही.

लोकसहभागी ऑनलाइन नकाशावर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या रिकाम्या दिसणाऱ्या जागांपासून सुरुवात करावी, असे माझे अनेक वर्षांच्या कामानंतरचे मत आहे. नकाशावर एखादी जागा कोरी राहते, तेव्हा त्याची तीन कारणे संभवतात : ती जागा खरोखरच कोणी वापरत नाही, किंवा तेथे जाणाऱ्या माणसाला आपण विचारलेच नाही, किंवा विचारूनही त्याने ते सांगायचे नाही असे ठरवले. पडद्यावर ही तिन्ही कारणे अगदी सारखी दिसतात. ती वेगवेगळी ओळखता येतील अशा रीतीने काम आखणे, हाच पुढील सर्व टप्प्यांचा हेतू आहे.

या अभ्यासाची थोडी पूर्वपीठिका

जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती हाताळणारी भौगोलिक माहिती प्रणाली, हे सुरुवातीला सरकारी खाती आणि मोठ्या कंपन्या यांचेच साधन होते. त्याचा उपयोग सामान्य लोकांना कसा होईल, या प्रश्नावर अमेरिकेत १९९६ मध्ये झालेल्या कार्यशाळेत ‘लोकसहभागी जीआयएस’ ही संज्ञा पुढे आली. १९९८ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यॉर्कशायरमधल्या स्लेथवेट या गावासाठी एक प्रयोग केला. गावाची प्रतिकृती मांडून, तिच्यावर निशाणे खोचून सूचना देण्याचा उपक्रम त्या गावात चालू होताच. संशोधकांनी त्याला जोडून इंटरनेटवर गावाचा नकाशा ठेवला आणि त्यातल्या इमारतीवर किंवा रस्त्यावर क्लिक करून आपले म्हणणे लिहिण्याची सोय केली. पुढे २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येणारा खुला नकाशा सुरू झाला, २००७ मध्ये भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या भौगोलिक माहितीला स्वतंत्र नाव दिले, आणि २००८ मध्ये केनियातील निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या नोंदी नकाशावर आणण्यासाठी उशाहिदी हे व्यासपीठ उभे राहिले. फिनलंडमधील संशोधकांनी याच काळात नकाशा आणि प्रश्नावली यांची सांगड घालून शहरनियोजनासाठी एक पद्धत विकसित केली. आज आपण ज्याला नकाशावरची प्रश्नावली म्हणतो, तिचे रूप बरेचसे तिथून आले आहे.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या कामाशी थेट संबंधित आहे. लंडनमधील मुकी हॅकले यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओपनस्ट्रीटमॅपची तुलना ब्रिटनच्या अधिकृत नकाशाशी केली. लोकांनी काढलेले रस्ते अधिकृत नकाशापासून सरासरी सहा मीटरच्या आसपास हललेले होते, म्हणजे अचूकता समाधानकारक होती. पण गरीब वस्त्यांची नोंद सधन वस्त्यांपेक्षा अपुरी होती. जिथे ठिपके होते तिथे ते बरोबर होते, आणि जिथे नव्हते तिथे त्यांचे नसणे वस्तीच्या गरिबीशी जोडलेले होते. गावातल्या वाडीवाडीत हाच प्रकार घडतो.

पहिला टप्पा : कोणत्या निर्णयासाठी नकाशा करायचा, हे ठरवणे

‘गावाचा लोकसहभागी नकाशा’ हा संशोधनाचा विषय होऊ शकत नाही. तो फार मोघम आहे. नकाशा कोणापुढे ठेवायचा आहे, त्या व्यक्तीला किंवा कार्यालयाला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि तो कोणत्या प्रमाणाच्या नकाशावर घेतला जातो, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. किनाऱ्यावर त्याचे सर्वांत ठळक उदाहरण किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे केंद्र सरकारने बांधकामावर बंधने घातलेल्या किनारपट्ट्याचे (सीआरझेडचे) आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

२०११ च्या अधिसूचनेनुसार किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडे १:२५,००० या प्रमाणावर तयार करायचे आणि स्थानिक पातळीवरचे नकाशे १:३,९६० किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणावर काढायचे, अशी तरतूद आहे. १:३,९६० हा आकडा विचित्र वाटतो, पण तो आपल्या जुन्या गाव नकाशाचाच आहे : एका इंचाला ३३० फूट. आता हातात पट्टी घेऊन हिशेब करून पाहावा. १:२५,००० च्या नकाशावर २०० मीटरचे अंतर आठ मिलिमीटर भरते, ५० मीटरचे दोन मिलिमीटर, आणि मासळी सुकवायचे साडेबारा मीटर रुंदीचे खळे अर्धा मिलिमीटर, म्हणजे बारीक पेन्सिलीच्या रेघेएवढे. तेच खळे १:३,९६० च्या नकाशावर तीन मिलिमीटरांहून थोडे अधिक होते आणि डोळ्यांना दिसते. मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामाईक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा, दवाखाने, रस्ते आणि शाळा या गोष्टी या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर दाखवाव्यात, असे अधिसूचनेतच म्हटले आहे. म्हणजे लोकांनी खळ्याची जागा दाखवणे ही कोणावर उपकार करण्याची बाब नाही. कायद्याने जी माहिती नकाशावर यायला हवी, तीच ते देत असतात.

२०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या भागात, नव्या अधिसूचनेप्रमाणे आराखडा मंजूर झाला असेल तर, भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र, आणि कमी वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंत. आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि २०११ च्या तरतुदीनुसार जिल्हा पातळीवर जनसुनावणी होते. आपला नकाशा जर या सुनावणीसाठी असेल, तर त्यात प्रत्येक ठिकाणाचा सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर असायलाच हवा, कारण कार्यालयात हरकत त्याच भाषेत वाचली जाते. तोच नकाशा लोकजैवविविधता नोंदवहीसाठी असेल, तर सर्वे नंबरापेक्षा ऋतू आणि प्राणी-वनस्पतींच्या जातींची स्थानिक नावे अधिक महत्त्वाची ठरतात. पुराच्या पाण्याचा नकाशा असेल, तर चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढले, यासारख्या उंचीच्या खुणा हव्यात. प्रश्न बदलला की नोंदवही बदलते.

दुसरा टप्पा : गावाशी बोलणी

विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी, हे उघड आहे. नाव, फोन नंबर आणि ठिकाण या गोष्टी एकत्र आल्या की ती वैयक्तिक माहिती होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ध्यानात घेऊन संमतीचा मजकूर सोप्या मराठीत लिहावा आणि अठरा वर्षांखालील मुलांकडून नोंदी घेणार असाल, तर पालकांची संमती स्वतंत्रपणे घ्यावी. शक्य तिथे नाव आणि फोन नंबर मागूच नयेत. वाडी, वयोगट आणि व्यवसाय एवढ्यावर भागते.

गावातली परवानगी मात्र एका सहीने मिळत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी बोलल्यानंतर मच्छीमार सहकारी सोसायटी, गावकर आणि मानकरी, बचत गटांच्या बायका आणि गावाचे मुंबईतले मंडळ या सगळ्यांकडे जावे लागते. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. आपला विषय विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती महिनाभर आधी लेखी करावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडण्याचा आग्रह जरूर धरावा. माझ्या पाहण्यात, पाणी, सरपण, कालवे आणि वाळवणाच्या जागा यांबद्दलचे जे काही महत्त्वाचे ऐकायला मिळाले, ते बहुतांश तिथे मिळाले.

याच वेळी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : माहिती कोणाच्या मालकीची राहील, कोणत्या नोंदी जाहीर होणार नाहीत, आणि एखाद्याने आपली नोंद मागे घ्यायची ठरवली तर ती किती दिवसांत काढली जाईल. नोंद मागे घेता येते हे लोकांना आधी कळले, तर ते अधिक मोकळेपणाने सांगतात.

तिसरा टप्पा : पायाभूत नकाशा

ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते, ओढे आणि इमारती घ्याव्यात. कोकणातल्या अनेक गावांत त्या अपुऱ्या आढळतील, म्हणून त्या आधी पूर्ण कराव्यात. इतर कंपन्यांच्या नकाशावरून पाहून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काहीही उतरवू नये, कारण परवाना त्याला मुभा देत नाही. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ उपग्रह छायाचित्रांसाठी उपयोगी पडते. गाव नकाशा भूमी अभिलेख विभागाच्या ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर पाहता येतो, आणि प्रमाणित प्रत तालुक्याच्या कार्यालयातून मिळते.

गाव नकाशा क्यूजीआयएस या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये बसवताना फार घाई होते आणि तीच पुढे महाग पडते. हा नकाशा साखळीने मोजलेला आहे; त्याला अक्षांश-रेखांश नाहीत. तो जमिनीवर बसवण्यासाठी जुनी विहीर, देवळाचा चौथरा, तीन गावांच्या हद्दी मिळतात तो दगड अशा न हललेल्या खुणा निवडाव्यात आणि त्या गावभर विखुरलेल्या असाव्यात. किनाऱ्यावरची खूण कधीही घेऊ नये, कारण पुळण सरकलेली असते आणि चूक नेमकी आपल्याला हव्या त्या पट्ट्यात येऊन पडते. मोजमापासाठी ‘यूटीएम विभाग ४३ उत्तर’ ही मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक प्रणाली वापरावी. संपूर्ण कोकण तिच्यात बसते.

त्यानंतर स्थळनामे. अधिकृत नकाशावर चार-पाच वाड्यांची नावे असतात. लोकांच्या बोलण्यात प्रत्येक पऱ्या (ओढा), पाखाडी (पायऱ्यांची वाट), गडगा (दगडी कुंपण), साकव (छोटा पूल), देवराई आणि समुद्रातला खडक यांना नाव असते. ही नावे पायाभूत नकाशावर आधीच आली नाहीत, तर फोन हातात घेतलेल्या माणसाला पडद्यावरचे गाव आपले वाटत नाही आणि तो ठिपका कुठेतरी टेकवून मोकळा होतो. दोन दिवस केवळ नावे गोळा करण्यासाठी राखून ठेवावेत, आणि ती बोलली जातात तशीच लिहावीत.

चौथा टप्पा : प्रश्नावली, आणि जागेसोबत वेळ

कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके यांपैकी फोनवर प्रश्नावली भरण्याचे एखादे साधन घ्यावे. दोन्हींत इंटरनेट नसताना नोंद भरून नंतर पाठवता येते, आणि खाडीकाठच्या वाड्यांत रेंजचा भरवसा नसल्यामुळे ही सोय अत्यावश्यक आहे. ज्यांना घरबसल्या नकाशावर खूण करायची आहे, त्यांच्यासाठी वेगळा दुवा ठेवावा. प्रश्न आठांच्या वर नेऊ नयेत. पर्यायांची यादी मात्र आपण टेबलाशी बसून करू नये. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत सड्यासाठी ‘पडीक जमीन’ एवढाच पर्याय मी ठेवला होता. गुरे चारणाऱ्या माणसांनीही तोच दाबला, कारण दुसरा कुठलाच नव्हता. परिणामी गावाने आपला सडा स्वतःच पडीक ठरवल्याचे चित्र माझ्या नकाशावर उमटले. त्या नोंदी मला रद्द कराव्या लागल्या. तेव्हापासून मी पर्यायांची यादी वाडीतल्या बैठकीत, लोकांच्या तोंडून आलेल्या शब्दांतूनच तयार करतो आणि ‘इतर’ या पर्यायात आवाज नोंदवण्याची सोय ठेवतो.

राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आमच्या गटातली एक विद्यार्थिनी कालवे काढणाऱ्या एका वयस्क बाईंसोबत बसली होती. बाईंच्या एका हातात कोयती होती, दुसऱ्या हाताची बोटे कालवांच्या कडांनी चरे पडून पांढरी झालेली होती. मुलीने फोन पुढे केला आणि कालवांची जागा दाखवायला सांगितली. बाईंनी पडद्याकडे पाहिले, मग खाडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “जागा काय इचारतेस बाय, येळ इचार. भांगाला थंय काय गावत नाय. उधाणाच्या ओहटीला ये, मंग दाखवते.” अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत भरती मोठी असते तशी ओहोटीही खोल जाते, आणि एरवी पाण्याखाली असलेला खडक तेवढ्याच काळापुरता उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत तो दिसतही नाही. म्हणजे त्या बाईंच्या लेखी ती जागा पंधरवड्यातून काही दिवस आणि त्या दिवसांतले काही तासच अस्तित्वात होती. आमच्या प्रश्नावलीत तारखेचा रकाना होता, तिथीचा नव्हता.

तो प्रसंग मी संशोधन पद्धतीचा भाग मानतो. किनाऱ्यावरच्या प्रश्नावलीत ठिकाणासोबत कोणता महिना, कोणती तिथी, भरती की ओहोटी आणि दिवस की रात्र हे चार रकाने ठेवावेत. डोल जाळे कुठे लावतात, रापण कुठे ओढतात, पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात खाडीत कोण कुठे जाते, या सगळ्यांची उत्तरे वेळेशिवाय अर्धवट राहतात.

आणखी तीन रकाने अनिवार्य समजावेत. एक, ‘तुम्ही वर्षातले किती महिने गावात राहता?’ दोन, ‘ही नोंद तुम्ही स्वतः भरली की कोणी भरून दिली?’ तीन, ‘ही जागा नकाशावर सर्वांना दिसलेली चालेल का?’ तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आधीच निवडलेले असावे, आणि ‘हो’ म्हणायला माणसाने जाणूनबुजून बोट लावावे.

पाचवा टप्पा : प्रत्यक्ष नोंदी

दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पहिल्या आठवड्यात भराभर उत्तरे येतात आणि संशोधक आनंदून जातो. त्या उत्तरांत मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांचा, तरुण पुरुषांचा आणि मोठ्या रस्त्यालगतच्या वाडीचा भरणा असतो. चाकरमान्यांच्या नोंदी कमी प्रतीच्या आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. जमिनीत त्यांचा हिस्सा असतो, आणि बंद पडलेल्या पायवाटा किंवा आटलेली झरी त्यांना आठवतात. पण शिमग्याला आणि गणपतीत आलेल्या माणसाचे गाव आणि बारा महिने राहणाऱ्याचे गाव वेगळे असते, म्हणून दोन्हींचे थर नकाशावर वेगळे ठेवावेत आणि त्यांची बेरीज करू नये.

उरलेल्यांसाठी घरोघर आणि बंदरावर जावे लागते. वाडीतल्याच दोन-तीन मुलामुलींना शिकवून, योग्य मानधन देऊन सोबत घ्यावे. फोनऐवजी मोठ्या कागदावर छापलेला नकाशा जमिनीवर पसरला, तर त्याच्याभोवती माणसे बसतात, एकमेकांना दुरुस्त करतात, आणि बोलणे सुरू होते. नंतर त्या खुणा आपण संगणकावर उतरवाव्यात. ऑनलाइन नकाशाच्या संशोधनात कागद वापरणे हा कमीपणा मानू नये.

खुल्या आकाशाखाली साध्या फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकते, आणि माडा-पोफळींच्या दाटीत त्याहून अधिक. मासळीच्या खळ्यासाठी एवढी अचूकता पुरते. कोकणातले हिस्से मात्र इतके अरुंद असतात की पाच मीटरांत दुसऱ्याच्या जमिनीत पाय पडतो. म्हणून फोनवरच्या नोंदींवरून कोणाच्याही जमिनीची हद्द दाखवू नये, आणि हे नकाशावर ठळक लिहावे. भाऊबंदकीच्या वादात आपला नकाशा पुरावा म्हणून फिरू लागला, तर त्या गावात संशोधनाचे दार बंद होते.

सहावा टप्पा : पडताळणी

नोंदींपैकी काही चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रत्यक्ष त्या जागी जावे, शक्यतो नोंद करणाऱ्यालाच सोबत घेऊन. ठिपका किती मीटर हलला आहे ते मोजावे. त्याचबरोबर, एकही ठिपका नसलेल्या काही जागीही याच पद्धतीने जावे. ही दुसरी फेरी बहुतेक प्रबंधांत नसते, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. कोऱ्या जागेत ताजी शेणे, विझलेली चूल, वापरातली पायवाट किंवा किनाऱ्यावर उलटी ठेवलेली होडी दिसली, तर ती जागा रिकामी नव्हती. आपण योग्य माणसाला विचारले नव्हते. अशा सर्व जागांची वेगळी यादी ठेवावी.

सातवा टप्पा : काय दाखवायचे नाही

मच्छीमाराच्या दृष्टीने मासळीची जागा हे त्याचे भांडवल असते. सागरी कासवांची घरटी, औषधी वनस्पतींच्या जागा, देवराईतल्या काही जागा आणि अजून अभ्यासली न गेलेली कातळशिल्पे यांचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर झाले, तर नुकसान भरून येत नाही. अशा नोंदी एक तर जाहीर नकाशातून पूर्ण वगळाव्यात किंवा मोठ्या चौकटीच्या रूपाने दाखवाव्यात, जेणेकरून ‘या परिसरात आहे’ एवढेच कळेल. नेमकी माहिती ग्रामपंचायत आणि विद्यापीठ यांच्याकडे कुलूपबंद राहावी. ओपनस्ट्रीटमॅपवर एकदा गेलेली माहिती जगभर उतरवून घेतली जाते आणि व्यवहारात परत आणता येत नाही, म्हणून तिथे रस्ते, साकव, शाळा, विहिरी एवढेच चढवावे.

येथे एक पेच उभा राहतो, आणि त्याला सोपे उत्तर नाही. सड्यावर प्रकल्प किंवा चिऱ्याची खाण येऊ घातली असेल, तर तिथले कातळशिल्प नकाशावर नसणे हेच त्याच्या मुळावर येऊ शकते. लपवले तर जागा रिकामी समजली जाते, दाखवले तर नासधुशीचा धोका असतो. अशा वेळी निर्णय संशोधकाने घेऊ नये. दोन्ही बाजू गावापुढे मांडाव्यात, वाडीतल्या लोकांना आपापसांत बोलायला वेळ द्यावा आणि जे ठरेल ते तसेच पाळावे.

आठवा टप्पा : कोऱ्या जागांचे विश्लेषण

क्यूजीआयएसमध्ये गावावर शंभर-शंभर मीटरच्या चौकटींचे जाळे टाकावे आणि प्रत्येक चौकटीत किती नोंदी, किती वेगवेगळ्या माणसांच्या, त्यांत किती स्त्रियांच्या आणि किती बारमाही रहिवाशांच्या, हे मोजावे. एकाच उत्साही माणसाने चाळीस ठिपके दिले असतील, तर रंगीत घनता-नकाशावर ती जागा गावाचे हृदय असल्यासारखी लालभडक दिसते; म्हणून नोंदींऐवजी माणसे मोजावीत. मग वाडीनिहाय नोंद करणाऱ्यांचे प्रमाण लोकवस्तीच्या प्रमाणाशी ताडून पाहावे.

यानंतर कोऱ्या चौकटींना तीन खुणा द्याव्यात : पडताळणीत वापर न आढळलेली, वापर आढळला पण नोंद नसलेली, आणि लोकांनी मुद्दाम न सांगितलेली. तिसऱ्या प्रकारच्या चौकटी नकाशावर दाखवू नयेत, फक्त त्यांची संख्या प्रबंधात द्यावी. किती जणांनी नोंद करायला नकार दिला आणि त्यांनी दिलेली कारणे, हेही लिहावे. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, आणि तिच्यात नुसती माहिती देणे किंवा मत विचारणे या मधल्या पायऱ्यांना त्यांनी देखाव्याचा सहभाग म्हटले. आपले काम त्या शिडीवर कुठे बसते, हे प्रबंधात प्रामाणिकपणे लिहावे. ठिपके लोकांनी दिले पण पर्याय, पडताळणी आणि प्रसिद्धी आपण ठरवली असेल, तर आपण मत विचारण्यापलीकडे गेलेलो नाही.

नववा टप्पा : नकाशा गावात परत नेणे

मसुदा नकाशा मोठ्या आकारात छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि मच्छीमार सोसायटीत किमान पंधरा दिवस लावावा, शेजारी दोरीने पेन्सिल बांधावी. आमच्या एका नकाशावर या पंधरा दिवसांत खाजणाच्या कोऱ्या भागात कोणीतरी एक तुटक रेघ ओढली आणि खाली ‘जुना बांध, उघाडी मोडली’ एवढेच लिहिले; उघाडी म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार. चौकशी केल्यावर कळले की त्या बांधामागे पूर्वी भातशेती होत असे, आणि बांध फुटून खारे पाणी आत आल्यावर ती सुटली. आमच्या सर्वेक्षणात त्या शेतीबद्दल एकही नोंद नव्हती, कारण आम्ही आज काय वापरता असे विचारले होते. त्या रेघेमुळे आमच्या नकाशात ‘पूर्वीचा वापर’ हा नवा थर आला.

दुरुस्त्यांनंतर नकाशा ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा. सुनावणीसाठी द्यायच्या प्रतीत प्रत्येक ठिकाणाला क्रमांक, सर्वे व हिस्सा नंबर, वापराचा काळ आणि एक छायाचित्र जोडावे. पोचपावती घेऊन ती ग्रामपंचायतीच्या फाइलीत लावावी. ग्रामपंचायतीला पेनड्राइव्हमध्ये मूळ फाइल द्यावी, पण तिच्यासोबत छापील नकाशाच्या दोन प्रतीही द्याव्यात, कारण ग्रामपंचायतीचा संगणक बदलतो, कर्मचारी बदलतात, कागद कपाटात राहतो. ती फाइल उघडून त्यात भर कशी घालायची, हे वाडीतल्या ज्या मुलामुलींनी नोंदी केल्या त्यांनाच दोन बैठकांत शिकवावे.

नकाशाच्या खालच्या समासात चार ओळी छापाव्यात : नोंदी कोणत्या महिन्यांत घेतल्या, किती माणसांकडून आणि कोणत्या वाड्यांतून घेतल्या, जमिनीच्या हद्दींसाठी हा नकाशा वापरू नये, आणि कोऱ्या दिसणाऱ्या कोणत्या भागांत आम्ही पोचलो नाही. चौथी ओळ लिहिताना त्या भागांची नावे लोक घेतात तीच लिहावीत, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे जाण्याचा रस्ता कोणालाही विचारता येईल.